तेवीस नंबरचे दोन छाप

“ताई, या खोलीला श्वास उरला नाही. कागद वाचवाल आणि माणूस घालवाल.”

फ्रेमवाले दादा हे बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात चार खिळे होते, आणि तोंडात खिळे धरून बोलणाऱ्याचं कुणी फारसं मनावर घेत नाही. तिनेही घेतलं नाही. ती स्टुलावर चढून, हातात रुंद चिकटपट्टी घेऊन, काकांच्या छपाईच्या खोलीतला वरचा झरोका बंद करत होती. दादा भिंतीला फळी ठोकत होते. खाली मांडणीपाशी काका रंग घोटत होते, आणि तिची साडेतीन वर्षांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, रिकाम्या डब्यावर डबा रचत होती.

“दादा, तुमचं काम काच बसवायचं,” ती हसत म्हणाली. “कागदाला काय सोसतं ते आमच्यावर सोडा.”

“सोडलं. पण आगसुद्धा श्वास घेते, ताई. तो गॅसचा हीटर बघा.”

“त्याला नळी आहे की बाहेर काढलेली.”

“नळीतून धूर बाहेर जायचा तर आत हवा यायला पाहिजे. नाही आली, तर तो रुसलेल्या जावयासारखा. निघाला निघाला म्हणायचं आणि दारातून परत.”

“दादा,” काका खालून म्हणाले, “तुम्ही खिळे भिंतीत ठोका. माझ्या कामात नको.”

सगळे हसले. सगळे हसले म्हणून भिंगरीही हसली. आणि तिने झरोक्यावर चिकटपट्टीचा दुसरा थर दिला, कडेला नख फिरवून, फट राहू नये म्हणून. काम नीटनेटकं करायची सवय होती तिला. त्या सवयीची पुढे तिला किती भीती वाटणार होती, हे तेव्हा कुणाला माहीत?

काका म्हणजे तिच्या नवऱ्याचे काका. लग्न केलं नाही, संसार मांडला तो जाळ्या, रंग आणि कागद यांच्याशी. फ्रेमवाल्या दादांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या: बाहेरची राहायची, आतली छपाईची. तिथे ते चौकटीवर ताणलेल्या कापडी जाळीतून एकेक रंग कागदावर उतरवत आणि चित्र छापत. एका चित्राच्या मोजक्या प्रती. काढल्या चाळीस की चाळीसच. प्रत्येकीखाली डावीकडे पेन्सिलीने नंबर, उजवीकडे सही, कोपऱ्यात उठावाचा शिक्का. शेवटची प्रत वाळली की काका जाळी कात्रीने उभी फाडत, पुन्हा कुणी, अगदी त्यांनी स्वतःनेही, एकेचाळिसावी काढू नये म्हणून. तरुणपणी त्यांना कुणी विचारलं नाही. आता साठी उलटल्यावर लोक त्यांच्या जुन्या छापांसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जात होते.

आणि हे छाप खरे आहेत, पुरते आहेत, निष्कलंक आहेत, असं लिहून देणं हे तिचं काम. कॉलेजात ती चित्रकलेचा इतिहास शिकली होती. पुढे एका जाणत्या बाईंच्या हाताखाली छापांची पारख शिकली, आणि बाळंतपणानंतर घरीच, जेवायच्या टेबलावर, दिवा आणि भिंग घेऊन बसू लागली. संग्राहक तिच्याकडे छाप पाठवत. ती कागद मागूनपुढून बघे, समासातला बोटाचा डाग बघे, नंबर आणि सही बघे, आणि आपल्या सहीचा दाखला देई. चित्र आवडायला डोळे लागतात. त्याचं मोल ठरायला कुणाचा तरी शब्द लागतो. तिच्या शब्दाला बाजारात वजन आलं होतं. जेमतेम तीन वर्षांचं वजन, पण आलं होतं.

काकांनी दहा वर्षांनी नवं चित्र काढलं: रिकामी खुर्ची, तिच्यावर अंगरखा, आणि अंगरख्यात अजून माणसाचा आकार. चाळीस प्रती. पाच रंग. पाच रंग म्हणजे प्रत्येक कागद पाच वेळा जाळीखाली जाणार, आणि पाचही वेळा रंग आपल्याच जागी बसणार. इथेच या धंद्याची मेख आहे. कागद हवेतला ओलावा पितो आणि केसभर फुगतो. केसभर फुगला की तांबडा रंग निळ्यावरून घसरतो. म्हणून पहिल्या रंगापासून पाचव्या रंगापर्यंत खोलीतली हवा बदलायची नाही, असा काकांचा कायदा. यंदा गारठा आणि ओल दोन्ही जिवावर उठल्यासारखे. भिंतीवरचा ओल दाखवणारा काटा रोज वर सरकायचा. म्हणून हीटर दिवसभर पेटता, खिडक्यांच्या फटीत कापडाच्या पट्ट्या, आणि झरोक्यावर तिची चिकटपट्टी.

काटा जागच्या जागी थांबला. काका लहान मुलासारखे खूष झाले. “सूनबाई, तुझ्या हाताला यश आहे,” म्हणाले.

पाच आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, त्या चाळिसांपैकी शेवटचे वीस छाप तिच्या टेबलावर होते. पहिल्या विसांचे दाखले तिने सोमवारीच लिहून टाकले होते. शनिवारी वकीलबाई यायच्या होत्या. ह्या बाई म्हणजे संग्राहकांमधली वाघीण. बारा छाप त्यांनी एकट्यांनी सांगून ठेवले होते. कामाला दोन तास निवांत हवे होते, आणि दुधाचा पेला घेऊन फिरणारी भिंगरी आणि वीस कोरे समास एका छताखाली नांदणं शक्य नव्हतं. नवरा कामावर, दोन दिवसांसाठी बाहेरगावी. म्हणून नऊ वाजता ती लेकीला काकांकडे सोडून आली होती.

“ठेव गं,” काका दारातच म्हणाले. चेहरा उतरलेला होता. “मला आता जाळ्या धुवायच्या तेवढ्या. ही आपली बाहेरच्या खोलीत खेळेल.”

“बरं नाही का काका?”

“डोकं जड आहे. म्हातारपण म्हणजे रोज नवा पाहुणा.”

ती हसली आणि निघाली. खाली दादा दुकान उघडत होते. त्यांनी वर बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि खिळे नसतानाही मिटलं. एकदा झिडकारलेला माणूस दुसऱ्यांदा बोलताना विचार करतो.

घरी येऊन तिने हात धुतले, कोरडे केले, पातळ हातमोजे चढवले. एकवीस. बावीस. तेवीस. एकेक कागद दिव्याखाली, मग भिंगाखाली, मग डावीकडच्या गठ्ठ्यात. चोवीस ते एकतीस काही नाही. मग पुन्हा तेवीस.

तिने भिंग बाजूला ठेवलं. डोळे चोळले. डावीकडचा गठ्ठा उलटा करून पहिला तेवीस काढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. २३/४०. २३/४०. तीच पेन्सिल, तीच सही, तोच शिक्का.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते तिला बसल्या खुर्चीत कळलं.

कारण एका नंबरचे दोन छाप ही या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ज्या बाईंच्या हाताखाली ती शिकली त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: एकाच नंबरचे दोन छाप दिसले, तर समज की कुठेतरी दुसरा गठ्ठा आहे. चाळीस सांगून ऐंशी काढणारे असतात. एक गठ्ठा उजेडात विकायचा, दुसरा अंधारात. दुसऱ्या गठ्ठ्यातला एखादा कागद चुकून पहिल्यात येतो आणि बिंग फुटतं. तेव्हा छापणारा सुटतो, म्हातारपण पुढे करून. बुडतो तो दाखला देणारा.

तिने कागद मोजले. वीसच होते. तेवीस दोन, बत्तीस नाही. म्हणजे बत्तीस नंबर दुसऱ्या गठ्ठ्यात गेला? आणि तिथला तेवीस इथे आला?

“काका असं करतील?” ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. जाळ्या स्वतः फाडणारा माणूस! पण शेवटची प्रत वाळली की लगेच जाळी फाडायची हा त्यांचा रिवाज, आणि यंदा काका म्हणाले होते, “फाडू गं सावकाश.” त्या सावकाशचा आता भलताच अर्थ लागायला लागला. मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली की भिंतभर पाली दिसतात. पहिल्या वीस दाखल्यांवर तिची सही होती.

घाबरलेला माणूस एक तर पळतो, नाही तर जास्त बारकाईने बघतो. ती बघणारी होती. तिने राहिलेले सगळे छाप सरळ ओळीत मांडले, टेबलावर, पलंगावर, फरशीवर जुनी चादर टाकून. दुसरा गठ्ठा असेल तर कागद वेगळा असेल, रंगाचा घोट वेगळा असेल. काहीतरी सापडेलच.

सापडलं. पण भलतंच.

चौतिसाव्या छापात खुर्चीच्या पाठीचा तांबडा रंग घसरला होता. छत्तिसाव्यात जास्त. अडतिसाव्यात इतका, की नवख्या डोळ्यालाही दिसावा. असला छाप काकांनी कधी खोलीबाहेर जाऊ दिला नसता; त्यांनी तो फाडून हीटर पुसला असता. ओल लागली असणार, कागद फुगला असणार, असं म्हणत तिने पोलादी पट्टी लावली. उभा मोजला. आडवा मोजला. पुन्हा मोजला.

कागद केसभरही फुगला नव्हता. तांबडा रंग सगळीकडे सारखा सरकलेलाही नव्हता. तो तिरका होता.

म्हणजे कागद ठीक होता. कागद ठेवणारा हात ठीक नव्हता.

तिने सह्या बघितल्या. एकविसावी सही वरवर सरळ. सत्ताविसावी जराशी उतरलेली. पस्तिसावी घसरगुंडीवरून खाली आल्यासारखी. एकोणचाळिसाव्या छापावर काकांनी दोनदा सही केली होती. एक जागेवर, एक नंबरच्या डोक्यावर, जणू पहिली केल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. दुसरा गठ्ठा नव्हता. लबाडी नव्हती. एक माणूस बत्तीस लिहायला बसला होता आणि तेवीस लिहून उठला होता. आपण काय लिहिलं, हे त्याला कळलं नव्हतं.

आणि मग एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या, नळ उघडल्यासारख्या. परवा काकांनी तिला तिच्या सासूच्या नावाने हाक मारली, आणि सगळ्यांनी थट्टा केली. सोमवारी तिथून आल्यावर तिचं स्वतःचं डोकं ठणकत होतं. तिने चष्म्याच्या नंबरवर खापर फोडलं. आणि भिंगरी. जी भिंगरी दुपारी झोपावी म्हणून ती रोज मिनतवाऱ्या करायची, ती काकांकडे गेली की सकाळी अकराला जमिनीवर आडवी व्हायची. गेल्या आठवड्यात घरी येऊन उलटीही झाली होती. बिस्किटाला दोष दिला. फोनवर नवऱ्याला ती कौतुकाने म्हणाली होती, “काकांच्या घराला गुण आहे बाई, पोर पडल्या पडल्या झोपते.”

त्या खोलीला श्वास उरला नाही.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने फोन लावला. काकांचा फोन वाजत राहिला. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला, छोटा, नाकातून घेतलेला.

“भिंगरी? आई बोलतेय. आजोबा कुठेत?”

“आजोबा झोपले.”

“कुठे झोपले?”

“जाळीच्या खोलीत. खुर्चीवर. मी हाक मारली, ते नाही उठत.” मग जरा थांबून, “आई, मलापण झोप आली.”

तिने आवाजातलं बळ जाऊ दिलं नाही. मुलं शब्द कमी ऐकतात, आवाज जास्त.

“झोपायचं नाही हं बाळा. आपण खेळ खेळू. आधी सांग, तू आत्ता कुठे आहेस?”

“आजोबांजवळ.”

“बाहेरच्या खोलीत ये. फोन घेऊन ये. आलीस?”

“हो.”

“आता ते दार ओढून घे. जाळीच्या खोलीचं. जोरात.”

“आजोबा आत आहेत.”

“माहीत आहे. ओढ.”

दार लागल्याचा आवाज आला. आत एक माणूस होता, ज्याने तिला सूनबाई म्हणून हाक मारत रंग कसा घोटायचा ते शिकवलं, आणि तिने आपल्या पोरीच्या हाताने त्याच्यावर दार लावून घेतलं होतं. पण आत्ता तिला एकच जीव हलवता येत होता. जो पायावर उभा होता, तोच.

बाहेरच्या दाराची कडी उंच होती. भिंगरीचा हात तिथे पोचत नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. तीच एकदा कौतुकाने म्हणाली होती, की इथे पोरीची काळजी नाही, कडी वर आहे.

“मोठ्या दाराशी जा. खाली फट आहे ना, उजेड येतो ती? तिथे पोटावर झोप आणि फटीला नाक लाव. कुत्र्यासारखं. वास घे, खाली दादा काय करतायत?”

“गोंद,” भिंगरी म्हणाली. “गोंदाचा वास.”

“शाब्बास. आता मोज. मोठ्याने.”

फोन ठेवायचा नव्हता, आणि दादांना फोन करायचा होता. तिने शेजारणीचं दार लाथेने वाजवलं. शेजारीण हातात ओला कपडा घेऊन आली, ती “अगं काय” म्हणेपर्यंत हिने तिच्या कोनाड्यातला फोन तिच्याच हातात कोंबला. नंबर? दादांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, आणि त्या फोनवर तिची पोर मोजत होती. ती पुन्हा घरात धावली, भिंतीवरची काकांची जुनी तसबीर खिळ्यासकट ओढली आणि उलटी केली. दादा प्रत्येक फ्रेमच्या पाठीवर आपल्या दुकानाची चिठ्ठी चिकटवत. त्यावर ती कधी काळी हसलीही होती, की पाठीमागे कोण बघतंय. चिठ्ठीवरचा एकेक आकडा ती ओरडत गेली आणि शेजारीण दाबत गेली.

“त्यांना सांगा, वरचं दार फोडा. पोर दाराला लागून आहे, जपून फोडा. काका आत आहेत. खिडक्या फोडा. सांगा, तुम्ही म्हणाला होता तेच झालं.”

मग ती जिना उतरली. चपला घातल्या होत्या की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रोज चालत सात मिनिटं.

“चार, पाच,” भिंगरी मोजत होती. “सहा, सात, आठ.”

“पुढे?”

“आठ.”

“आठानंतर काय गं राणी?”

“आठ,” भिंगरी म्हणाली. “आठ.” आणि मग नुसता श्वास.

टेबलावरचे दोन तेवीस तिच्या डोळ्यांपुढे आले. तिने रस्त्यात हंबरडा फोडला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. ती फोनमध्ये लेकीचं नाव घेऊन ओरडत होती, पाळण्यातलं, खरं नाव, जे रागावल्याशिवाय कुणी घेत नसे. “उठ! आई रागावलीय! उठ म्हणते ना!”

फोनमधून आधी काच फुटल्याचा आवाज आला. मग लाकूड. मग दादांचा, तोंडात खिळे नसलेला, मोठा, स्पष्ट आवाज: “मिळाली! ताई, पोर मिळाली!”

ती पोचली तेव्हा भिंगरी दुकानाच्या पायरीवर दादांच्या कामाच्या अंगरख्यात गुंडाळलेली होती, पांढरीफटक, आणि दादांची बायको तिच्या गालावर चापट्या मारून तिला रडवत होती. पोर रडत होती. ते रडणं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण वरून दादा आणि समोरचा किल्लीवाला काकांना जिन्यावरून उतरवत होते, आणि काकांचा हात गठ्ठ्यातून सुटलेल्या कागदासारखा प्रत्येक पायरीवर लोंबकळत होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. दोघांना नळीतून प्राणवायू लावला. हीटर नीट जळत नव्हता, म्हणाल्या. बंद खोलीत हवा संपत आली की आग विष सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, माणूस चुकायला लागतो, मग झोपतो. “आठवड्यांपासून थोडं थोडं चाललं असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

तिच्या अंगठ्याच्या नखात चिकटपट्टीचा डिंक अजून आहे, असं तिला वाटत राहिलं. पाच आठवड्यांपूर्वीचा.

भिंगरी दुसऱ्या दिवशी घरी आली. काकांना नऊ दिवस लागले. वाचले. पण डावा हात थरथरतो, आणि कधी कधी वाक्य अर्ध्यावर टाकून ते खिडकीकडे बघत बसतात. खिडकी आता उघडी असते, मग कागद फुगो नाही तर फाटो.

वकीलबाईंना तिने फोन करून सगळं खरं सांगितलं. पहिल्या वीस दाखल्यांतले शेवटचे तीन तिने स्वतः फाडले. भिंग लावून पुन्हा बघितलं, तर अठराव्या सहीपासूनच उतार सुरू झाला होता आणि तिने तो सोमवारी बघून न बघितल्यासारखा केला होता. वकीलबाई म्हणाल्या, “अहो, पण असल्या चुकलेल्या नंबरांनाच पुढे जास्त मागणी येते. तो दुसरा तेवीस मला द्या.”

“नाही,” ती म्हणाली. “तो माणसाचा श्वास आहे, नंबर नाही.” फोन ठेवल्यावर आपण असं काय बोललो, म्हणून तिलाच कसंसं झालं. पण दोन्ही तेवीस तिने दादांकडून एकाच काचेखाली बसवून घेतले आणि आपल्या टेबलासमोर लावले. दादांनी पैसे घेतले नाहीत. “ताई, पाठीमागे चिठ्ठी मात्र लावलीय,” एवढंच म्हणाले.

भीती गेली का? छे. भिंगरी दुपारी झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरते. पोर करवादते, “आई, झोपू दे ना!” एरवी ती हेच ऐकायला आसुसलेली असायची. आता पोर बोलली की ती बोट काढते, आणि पाच मिनिटांनी पुन्हा धरते.

आणि आता जे राहिलं आहे, ते सांगायलाच हवं.

इस्पितळातून निघायच्या आदल्या दिवशी काकांनी तिचा हात धरला. “सूनबाई, झरोका बंद करायची युक्ती तुला कुणी सांगितली?”

“तुम्हीच, काका.”

“हो ना,” ते म्हणाले. “मी खूप जणांना सांगितली.” आणि थरथरत्या बोटांनी मोजायला लागले. अकरा विद्यार्थी. अकराही जणांना त्यांनी शिकवलं होतं, की हवा बदलायची नाही, फट ठेवायची नाही, हीटर विझवायचा नाही. तिने त्याच संध्याकाळपासून फोन लावले. दहा जण सापडले. त्यातल्या चौघांनी त्याच दिवशी पट्ट्या उपटल्या. एक जण म्हणाला, “माझंही डोकं दुखतं आठवडाभर.”

अकरावी सापडत नाही. काका तिला डावरी म्हणत, कारण ती डाव्या हाताने छापायची. सगळ्यांत गुणी, सगळ्यांत हट्टी, आणि काकांचा शब्द खाली न पडू देणारी. ते म्हणतात, “मी फट बंद कर म्हणालो असेन, तर तिने श्वासही बंद केला असेल.” जुन्या घराचे मालक सांगतात, तिने कुठेतरी स्वस्तात वरच्या मजल्यावर खोली घेतली, ओल फार आहे म्हणत होती, नव्या छापांचं काम धरलंय म्हणत होती. फोन वाजतो. रोज वाजतो. उचलत नाही.

तुमच्या गल्लीत असेल अशी एक बाई. तिशीची, एकटी, दिवसचे दिवस घराबाहेर न दिसणारी. खिडक्यांच्या फटीत आतून कापडाच्या पट्ट्या. गॅलरीच्या दांडीवर रंगाने भरलेला अंगरखा वाळत घातलेला, आणि डाव्या अंगठ्याच्या नखात कायम कुठला तरी रंग. कामात आहे, त्रास नको द्यायला, असं तुम्ही म्हणत असाल. काकांबद्दल भिंगरीच्या आईनेही असंच म्हटलं होतं.

जा, आणि तिचं दार वाजवा. “बरी आहे” एवढंच म्हणाली तर परतू नका. दहापर्यंत मोजायला सांगा. हसली तरी सांगा. आणि एखादा आकडा तिने दोनदा म्हटला, तर थांबू नका. खिडकी उघडा, आधी खिडकी उघडा.